कुंडीतील अंजीर : भोर-वेल्ह्यात हिवाळ्यापूर्वी घ्यावयाची निगा

आश्विन-कार्तिकात अंजिराची पाने पिवळी पडून गळू लागली म्हणजे झाड थंडीने गेले असा समज होणे साहजिक आहे. मग कोणी त्याला रोज घागरभर पाणी घालतो, तर कोणी ते उपटून उकिरड्यावर टाकतो. या दोन्ही गोष्टी घातक होत. अंजीर हे पानझडीचे झाड आहे. फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा ओलसर पापुद्रा दिसला तर झाड जिवंत असून विश्रांती घेत आहे असे समजावे. ग्रामकार्यकर्त्यांनी ही साधी परीक्षा अंगणाअंगणांत करून दाखविल्यास पुष्कळ झाडे वाचतील.

बर्फ पडणाऱ्या देशांत अंजिराला थंडीपासून खरेच भय असते. तेथील लोक कुंड्या तळघरात नेऊन ठेवतात, जमिनीतील झाडांना गोणपाट गुंडाळतात, काही ठिकाणी तर झाड वाकवून मातीखाली झाकतात. आपल्याकडे तशी वेळ येत नाही. पुणे वेधशाळेच्या नोंदीतील सर्वांत कडक थंडी १७ जानेवारी १९३५ ची. त्या दिवशीही पारा १.७ अंश सेल्सिअसवर थांबला होता. पक्व लाकडाचे अंजीर एवढी थंडी सहज सोसते.

आपल्या भागात अंजिराचा खरा वैरी पाऊस आहे. कापूरहोळवरून नारायणपूरमार्गे सासवडकडे गेले की अंजिराच्या बागा लागतात. ‘पुरंदर अंजीर’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंजीर-सीताफळाचे संशोधन केंद्रही त्याच तालुक्यात जाधववाडीस आहे. तेथील पाऊस बेताचा, जमीन हलकी, मुरमाड व निचऱ्याची. याउलट भोर आणि वेल्हे (या तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला) यांच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यालगतच्या गावी पाऊस दोन हजार मिलिमीटरांच्या पुढे जातो. भातखाचराच्या पाणथळ जमिनीत अंजिराची मुळे कुजतात. दमट हवेत पानांच्या खालच्या बाजूस तांबूस पुटकुळ्या उठतात. हा तांबेरा रोग होय. त्याने पाने अकाली गळतात, लाकूड पक्व होत नाही आणि असे दुबळे झाड पुढे थंडीत मागे पडते. दोष मात्र थंडीच्या माथी मारला जातो!

म्हणून या भागात अंजीर कुंडीत लावण्यात एक मोठी सोय आहे. कुंडी उचलून पडवीत ठेवता येते. बाग उचलता येत नाही. पावसाळ्यात पाने असणारा खट्टा बहार येथे न धरणेच बरे. पावसाळा संपल्यावर छाटणी करून मीठा बहार धरला म्हणजे फळे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत येतात, आणि ती गोडही असतात. या बहारापूर्वी झाडाला विश्रांती हवी. थंड देशांत ती हिवाळा देतो, येथे ती पाणी तोडून आपण द्यावयाची असते. यालाच ताण देणे म्हणतात. परतीचा पाऊस बागेतील ताण मोडतो, परंतु वळचणीखाली ओढलेल्या कुंडीचा ताण मोडत नाही.

नवरात्राच्या सुमारास कुंडी पडवीत घ्यावी व दोन विटांवर ठेवावी. बुडाचे भोक मोकळे आहे का ते काडी घालून पाहावे. माती हुंगून पाहावी. आंबूस वास आल्यास निचरा बिघडला आहे असे समजून त्याच विश्रांतीच्या काळात कुंडी बदलावी. दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा हे मिश्रण चांगले. यानंतर सुमारे पंधरा ते वीस दिवस पाणी कमी करीत न्यावे. बागेतील झाडाप्रमाणे कुंडीतील झाडाचे पाणी एकदम तोडू नये, कारण कुंडीतील मुळांना खोलवर ओल शोधण्यास वाव नसतो. माती कडेपासून सुटू लागली तर तांब्याभर पाणी द्यावे.

पाने गळल्यावर ती गोळा करून जाळावीत, कारण त्यांवर तांबेऱ्याचे बीज असते. कोजागिरी ते दिवाळी या काळात पाऊस थांबलेला पाहून छाटणी करावी. वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढाव्यात, उरलेल्यांचा शेंड्याकडील तिसरा हिस्सा कापावा. चीक अंगाला लागू देऊ नये, कातडीवर फोड येतात. छाटणीनंतर उघड्या फांद्यांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावे. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून काढावी. पात्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

आता वरची चार बोटे माती काढून तेथे शेणखत मिसळलेली नवी माती भरावी आणि पाणी सुरू करावे. कोवळी फूट येते तो काळ नेमका मार्गशीर्ष-पौषातील थंडीचा असतो. रात्री थंड हवा उतारावरून खाली ओघळून गुंजवणी, नीरा यांच्या खोऱ्यांत साचते, त्यामुळे नदीकाठच्या घरी वरच्या वाडीपेक्षा गारठा अधिक जाणवतो. तेथे कुंडी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी ठेवावी. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. भाताचा पेंढा आपल्याकडे मुबलक आहे. त्याची वेठ कुंडीभोवती गुंडाळावी व मातीवरही पातळ थर द्यावा, परंतु तो खोडाला चिकटवू नये, नाहीतर खोडाशी ओल धरते. पाणी सकाळी उन्हे चढल्यावर द्यावे.

छाटलेल्या फांद्या टाकून देऊ नयेत. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे, निरोगी व पक्व तुकडे निवडून, दोन डोळे वर ठेवून वाळूमिश्रित मातीत तिरपे खोचावेत आणि सावलीत ठेवून माती नुसती ओलसर राखावी. फूट दिसली तरी मुळे धरली आहेत असे लगेच समजू नये. उपटून पाहण्याचा मोह मात्र आवरावा; मुळे फुटल्यावर पाने मोठी होऊ लागतात, तेव्हाच रोप दुसऱ्या कुंडीत हलवावे.