पोवारांचे मूळ आणि परसवाड्याची जमीन

वैनगंगेच्या खोऱ्यातून बैहरकडे चढत गेले की परसवाड्याचे पठार लागते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लछमन नायक याने इथे पहिली गावे वसवली. 1867 मध्ये बालाघाट जिल्हा झाल्यावर ब्लूमफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याने खोऱ्यातल्या पोवार शेतकऱ्यांना डोंगरावर येऊन जमीन वहितीखाली आणायला उत्तेजन दिले. सरकारी कागदांत हे रान पडीक होते. गोंड आणि बैगांचे मात्र ते घर होते, आणि बैगांची फिरती बेवर शेती पुढे सरकारी बंदीखाली आली.

पोवारांची परंपरा स्वतःला धारच्या परमार राजांशी जोडते. माळव्यातून रामटेकजवळच्या नगरधनला, तिथून वैनगंगेकाठी, असा तिचा क्रम आहे. नागपूरकर भोसल्यांच्या कटक मोहिमेत लढल्याबद्दल जमिनी मिळाल्याचेही सांगतात. समाजाची कुरे, म्हणजे कुळे, 36: कटरे, बिसेन, रहांगडाले, पटले, बोपचे, टेंभरे वगैरे. लग्न आपल्या कुरात होत नाही.

बोलीचा पुरावा मात्र इतका सरळ नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने पोवारी पूर्व हिंदीच्या बघेली गटात घातली. ‘मोरो गाव परसवाडा से’ हे साधे वाक्य घ्या. ‘मोरो’ला पूर्वेकडचा ‘मोर’ जवळचा, ‘से’ ऐकून राजस्थानीतला ‘छे’ आठवतो आणि ‘गाव’ मराठीतही तेच. वाटेत लागलेला प्रत्येक मुलूख या बोलीत थोडाथोडा राहिला आहे.

कोण कुठून आले हा वाद इंग्रजांच्या मुळाबद्दलही जुना आहे. समुद्रापलीकडून इंग्लंडमध्ये मूठभर योद्धे आले की कुटुंबेच्या कुटुंबे, हा प्रश्न होता. 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात थडग्यांतल्या हाडांचा डीएनए तपासला गेला. मध्ययुगाच्या आरंभी पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांचा 76 टक्क्यांपर्यंत वारसा उत्तर समुद्रापलीकडच्या किनाऱ्यांवरून आलेला निघाला, आणि आलेल्यांत स्त्रियाही होत्या. दहन करणाऱ्या समाजाची अशी हाडे मागे उरत नाहीत. त्यामुळे पोवारांच्या बाबतीत कुर आणि बोली यांनाच जास्त मोल येते.

पोवारांच्या निष्ठा मात्र राज्यांबरोबर बदलत गेल्या: देवगडचे गोंड राजे, भोसले, 1853 नंतर इंग्रज. 1 नोव्हेंबर 1956 ला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, भंडारा मुंबई राज्यात गेला. गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातूनच वेगळा झाला. तीच कुरे बाघ नदीच्या दोन्ही काठांवर आहेत, सोयरिकीही होतात. पावसाळ्यात दोन्हीकडच्या बांध्यांत घोटाभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे रोवले जातात. त्याच धानाच्या जमिनीचा सातबारा एका काठावर मराठीत निघतो, दुसऱ्या काठावर खसरा हिंदीत.