केळीच्या चेंबरमध्ये वीज जाते कुठे?

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. रावेर-यावलचा, धुळ्याकडे शिरपूरचा माल रायपनिंग चेंबरमध्ये जातो आणि वीजबिल फुगतं. ‘पिकवायला एवढी वीज?’ हा पहिला सवाल, आणि गैरसमजही पहिलाच. पिकवण्याचं काम इथिलीन वायू करतो. बंद खोलीत हवेच्या १० लाख भागांत १०० भाग, साधारण २४ तास, एवढा पुरतो. अन्नसुरक्षा नियामक ‘एफएसएसएआय’ची कमाल मर्यादाही १०० भागांचीच आहे. इथिलीन सोडायला वीज नगण्य लागते.

वीज खर्ची पडते ती उष्णता उपसण्यात. १० टन केळी ३५ अंशांवरून १८ अंशांवर आणायची, तर सुमारे १६० युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. यंत्र एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता उपसतं असं धरलं, तरी ५० हून जास्त युनिट वीज निव्वळ शेतातल्या उन्हापायी जाते.

एकदा माल गार झाला की यंत्राला आराम, असंही अनेकांना वाटतं. पण तोडलेली केळी जिवंतच असते. ती श्वसन करते, पिकताना तर कित्येक पटींनी, आणि प्रत्येक फणी उष्णता सोडत राहते. चार-पाच दिवसांत ही उष्णता सुरुवातीच्या १६० युनिटांच्या बरोबरीला येऊ शकते, क्वचित पुढेही जाते.

मग कुणीतरी सुचवतं: थर्मोस्टॅट १० वर टाका, झटपट गार होईल. होत नाही. थर्मोस्टॅट यंत्राला कुठे थांबायचं एवढंच सांगतो. वेग ठरतो कॉम्प्रेसरच्या ताकदीवर आणि क्रेटमधून खेळणाऱ्या हवेवर. उलट १३ अंशांखाली केळीला थंडी बाधते, साल करडी पडते आणि पिवळा रंग खुलत नाही. वीजही गेली, भावही गेला.

दार उघडलं की गारवा वाया, हे अर्धंच खरं. इथिलीनचे २४ तास संपल्यावर साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढावाच लागतो, नाहीतर पिकणं मंदावतं. त्यात कंजुषी नको.

आणि वीज वाचवायला कार्बाइडने पिकवायचं? त्यावर कायद्याने बंदी आहे. त्याच्या वायूत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश येऊ शकतात.

खरी बचत चेंबरच्या बाहेरच सुरू होते: पहाटेची तोडणी, सावलीत ठेवलेला माल, दाराची धड रबरी पट्टी. कंडेन्सर पश्चिमेच्या भिंतीवर तापत असेल, तर आधी त्याच्यावर सावली करावी, पण हवा न अडवता.