झेड ड्राइव्हवरची लाल फुली

कोकण रेल्वेने महाडला यायचं तर उतरायचं स्टेशन वीर. मी वीरला राहते आणि महाडच्या बाजारपेठेतल्या लहान कार्यालयांचे कॉम्प्युटर सांभाळते. कर सल्लागार, पतसंस्था, औषधांचे घाऊक व्यापारी, एमआयडीसीतल्या कारखान्यांना माल पुरवणारे, अशी ही मंडळी. तीन-चार कॉम्प्युटर असतात आणि हिशेब सगळा त्यातल्या एकावर. त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "ताई, झेड ड्राइव्ह परत गेला."

हा ड्राइव्ह म्हणजे मुख्य कॉम्प्युटरमधलं एक फोल्डर. ते शेअर केलं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याला झेडसारखं एखादं अक्षर दिलं की ते तिथलंच असल्यासारखं दिसतं. पलीकडच्या खोलीतलं कपाट आपल्या टेबलाशेजारी असावं, तसं. पण मधला रस्ता वायरचा, स्विचचा, राउटरचा आणि पासवर्डचा आहे. त्यात कुठेही खंड पडला की अक्षरावर लाल फुली येते.

म्हणून मी आधी एकच विचारते: कधी जातो? सकाळी मशीन सुरू करताना, जेवून आल्यावर, लाइट येऊन-जाऊन झाल्यावर, की काम चालू असताना मध्येच? या उत्तरात निम्मं निदान असतं. विंडोज परत टाकण्याची घाई करणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे, की आठवडाभर वहीत वेळ लिहून ठेवा.

जेवून आल्यावर फुली दिसत असेल तर आधी तिच्यावर दोनदा क्लिक करून बघा. फोल्डर उघडलं तर बिघाड काही नाही. पंधरा मिनिटं कोणी वापरलं नाही, की मुख्य कॉम्प्युटर रिकामी जोडणी सोडून देतो. विंडोजची मुळातली सोयच तशी आहे, आणि हात लावला की जोडणी परत होते. काही जुन्या हिशेबाच्या प्रोग्रामना मात्र हे क्षणभराचं तुटणंही चालत नाही. तिथे मुख्य कॉम्प्युटरवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेट कॉन्फिग सर्व्हर' ही आज्ञा द्यायची. तिच्यापुढे एक जागा सोडून तिरकी रेघ, 'ऑटोडिसकनेक्ट', कोलन आणि उणे एक, हे सगळं इंग्रजीत. पंधरा मिनिटांची मुदत मग राहत नाही.

क्लिक करूनही उघडत नसेल तर बहुधा मुख्य कॉम्प्युटर झोपलेला असतो. समोर कोणी बसत नाही, म्हणून तो स्वतःहून स्लीपमध्ये जातो आणि बाकीचे सगळे अडतात. पॉवरच्या सेटिंगमध्ये त्याची झोप कायमची बंद करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर उघडा. तिथे पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावं, अशी एक खूण असते. ती काढा. प्रत्येक मशीनवर काढा.

आता लाइट. पावसाळ्यात आमच्याकडे ती दिवसातून कितीदा डोळे मिचकावते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण राउटर आणि स्विच भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. लाइट क्षणभर गेली की मशीन चालू राहतात, पण राउटर पहिल्यापासून सुरू होतो आणि तेवढ्यात अर्धी भरलेली नोंद लटकते. हिशेबाची फाइल बिघडते ती इथेच. पुन्हा सुरू झालेला राउटर आयपी पत्ते नव्याने वाटू शकतो. काल मुख्य कॉम्प्युटरचा शेवटचा आकडा पाच होता, आज आठ. ड्राइव्ह पाचाचं दार ठोठावत बसतो. उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. राउटर आणि स्विचलाही यूपीएस द्या, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये मुख्य कॉम्प्युटरसाठी पत्ता राखून ठेवा. राउटर नवा बसवला असेल तर आणखी एक बघा: विंडोज त्या नेटवर्कला अनोळखी, म्हणजे 'पब्लिक' धरतं आणि शेअरिंगचा रस्ता अडवतं. ते 'प्रायव्हेट' करावं लागतं.

सकाळीच फुली दिसते तेव्हा बहुधा नेटवर्क जागं व्हायच्या आत विंडोजने ड्राइव्ह शोधलेला असतो. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत, लॉगिनच्या वेळी नेटवर्कसाठी थांबावं, अशी सोय आहे. होम आवृत्तीत ते पान नाही. तिथे मिनिटभर थांबून ड्राइव्ह उघडावा.

पासवर्डचा घोळ सगळ्यांत जास्त वेळ खातो. मशीन उघडायचा चार आकडी पिन ड्राइव्ह जोडताना चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मी मुख्य कॉम्प्युटरवर शेअरिंगपुरतं वेगळं खातं उघडते, त्याला पासवर्ड देते आणि बाकीच्या मशीनवर तो क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवते. पासवर्डशिवाय सर्वांना मोकळं ठेवलेलं शेअरिंग २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर प्रो मशीनवर बंद पडलं, ते योग्यच झालं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या, भोकातूनच जगभरची मशीन कुलूपबंद केली होती. जुनं उपकरण चालावं म्हणून ती पद्धत परत सुरू करून द्या, असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणते.

काम चालू असताना मध्येच तुटत असेल तर वायर बघा. कोकणातल्या दमट हवेत लॅनच्या टोकाच्या धातूच्या पट्ट्या काळवंडतात, प्लास्टिकची कडी मोडते, उंदीर केबल कुरतडतात. टोक बदलायला फार पैसे लागत नाहीत. आणि मुख्य कॉम्प्युटर वायफायवर ठेवू नका.

ड्राइव्ह जोडलेला राहिला म्हणजे हिशेब सुरक्षित, असा समज मात्र मनातून काढा. झेडवर दिसतं ते एकाच डिस्कवर असतं. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा बाजारपेठेतले तळमजले बुडाले. त्याआधी २००५ च्या जुलैतही महाड असंच पाण्यात होतं. मुख्य कॉम्प्युटर टेबलाखाली जमिनीवर ठेवायची रीत मला अजून दिसते, आणि दिसली की मी तो हलवायला लावते. मृग लागायच्या आत तो वरच्या मजल्यावर न्या, रोज संध्याकाळी हिशेबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क कार्यालयात ठेवू नका.