सपाटीकरण, बांधकामाच्या जागेचे

बांधकामापूर्वी जागेचा उंचसखलपणा मोजून, उंच भागातील माती काढून व सखल भागात भर घालून पृष्ठभाग ठरावीक पातळीत आणण्याच्या क्रियेस सपाटीकरण म्हणतात. मोठ्या कामांत पातळी दुर्बिणीच्या उपकरणाने घेतात. तथापि लहान घरासाठी खुंट्या, दोरी व पाणी एवढ्या साधनांनीही पुरेशी अचूकता मिळते.

पाण्याची नळी : एकमेकांस जोडलेल्या भांड्यांत स्थिर पाण्याची पातळी सारखी राहते, या तत्त्वावर ही पद्धत आधारलेली आहे. सु. १० ते १५ मी. लांबीची पारदर्शक नळी पाण्याने भरून तिची दोन्ही टोके सेंमी.च्या खुणा केलेल्या काठ्यांना बांधतात. एक काठी मूळ खुंटीजवळ व दुसरी मोजावयाच्या जागी उभी धरून वाचने घेतात. पहिल्या काठीवर १०० व दुसरीवर १३० सेंमी. वाचन आल्यास दुसरी जागा ३० सेंमी.ने खाली असते. नळीत हवेचे बुडबुडे राहिल्यास वा टोके बंद असल्यास वाचन चुकते. म्हणून आरंभी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी सारखे उभे राहते की नाही, हे पाहतात.

ओळंब्याची चौकट : दोन सारख्या लांबीचे बांबू वरच्या टोकाशी बांधून मध्ये आडवी पट्टी ठोकतात व शिखरापासून ओळंबा सोडतात. दोरी पट्टीला जेथे छेदते तेथे खूण करून चौकटीचे पाय अदलाबदल करतात व दुसरी खूण करतात. दोहोंचा मध्यबिंदू ही समपातळीची खूण होय. पाणलोट क्षेत्रात समपातळी चर आखण्यासाठीही ही चौकट वापरतात.

खोदाई व भर : ९ × ६ मी.च्या जागेस ९ मी. लांबीत एकसारखा ३० सेंमी. उतार असेल, तर मध्यरेषेची पातळी कायम ठेवल्यास एका टोकास १५ सेंमी. खोदाई व दुसऱ्या टोकास तेवढीच भर येते. प्रत्येकाचे घनफळ सु. २ घ.मी. भरते. मात्र मोकळी माती फुगलेली असल्याने ती एकदम न टाकता सु. १५ सेंमी.च्या थरांनी पसरून, पाणी शिंपून धुम्मसाने ठोकावी लागते.

जमिनीचा विचार : जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी व आसपासच्या गोदावरी खोऱ्यात बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन आढळते. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशी माती जोत्यात भरल्यास फरशी उचलली जाते किंवा खचते. म्हणून ती काढून मुरमाची भर घालणे श्रेयस्कर असते. भिंतींचा पाया तर भरावावर कधीच घेऊ नये. घराचा अर्धा भाग मूळ जमिनीवर व अर्धा भरावावर आल्यास दोन्ही भाग कमीजास्त दबतात आणि भिंतींना तिरप्या चिरा पडतात. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेऊन भराव केवळ फरशीखाली ठेवल्यास हा धोका बराच टळतो.

जोत्याबाहेरची जागा मात्र अगदी सपाट न ठेवता दर मीटरला २ ते ३ सेंमी. उतार देतात. त्यामुळे पावसाचे पाणी पायाशी साचत नाही व त्याखालील जमिनीतील ओलावा फारसा बदलत नाही.