शिवोलीच्या घरातली कॅसेट

कानोसा : भाग अकरावा

मागचा भाग छापून आला त्याच सकाळी नांदेडहून एका वाचकाचा फोन. "सर, ब्राझीलचं वाचलं. पोरांनी गाण्यात डास मारायचा फवारा वाजवला म्हणता, भारीच आहे. पण आपल्याकडं कुणी केलंय का असं, का सगळं तिकडंच?"

ज्यांचा तो भाग हुकला त्यांच्यासाठी दोन ओळी. साओ पावलो शहरातला 'ओस म्युटांटिस' हा रॉक बँड, म्हणजे आर्नाल्दो आणि सर्जिओ बाप्तिस्ता हे दोघे भाऊ आणि गायिका रीटा ली. 1968 साली त्यांचा पहिला अल्बम आला. थोरला भाऊ क्लाउदिओ सेझार बँडमध्ये नव्हता, पण गिटार आणि आवाज फाडणारे डबे घरीच बनवून देत होता. एका गाण्यात ड्रमवाला पायाने उघडझाप करतो त्या जोडझांजेच्या जागी त्यांनी कीटकनाशकाचा फवारा वापरला. मी ते गाणं लावून शेजारी फवारणीचा हातपंप मारून पाहिला. फुस्, फुस्. ताल बरोबर जमतो. घरच्यांनी मात्र खिडक्या उघडल्या.

तर आपल्याकडं. त्या फोनवर मी पटकन म्हणालो, गोव्यात. 1984, शिवोली गाव, रेमो फर्नांडिस.

लातूर-नांदेडला रेमो कळले ते फार उशिरा, 1995 च्या 'बॉम्बे'मधल्या 'हम्मा हम्मा'मुळे. रिक्षात, रसवंतीवर, लग्नाच्या मांडवात तो खरखरीत गळा वाजायचा आणि आपण गाणं म्हणायचो रहमानचं. त्याच्या अकरा वर्षं आधी या माणसानं 'गोअन क्रेझी' नावाची इंग्रजी गाण्यांची कॅसेट काढली होती, तीही राहत्या घरात. जन्म 1953 चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात, नंतर काही वर्षं युरोपात रस्त्यावर गाड्यांना हात करत भटकंती. परत येऊन घरात बसले आणि गाणी लिहिली, सगळी वाद्यं स्वतः वाजवली, स्वतः गायली, ध्वनिमुद्रणही स्वतःच केलं. वेष्टनावरचं चित्रसुद्धा स्वतःचंच. मग पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून दुकानोदुकानी देत फिरले.

कुणी म्हणेल, यात बँड कुठं आहे? एकच तर माणूस. पण कॅसेट लावली की ऐकू येतो तो बँडच. हे कसं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आपल्या वेळची साधी कॅसेट आठवा, लातूरच्या गंजगोलाईतून आणलेली, फीत ढिली पडली की पेन्सिल घालून फिरवायची ती. त्या चिंचोळ्या फितीवर चार पट्ट्या शेजारी शेजारी असतात. दोन 'ए' बाजूच्या, डावा कान आणि उजवा कान, आणि दोन 'बी' बाजूच्या, उलट्या दिशेनं जाणाऱ्या. 1979 मध्ये टास्कॅम कंपनीनं 'पोर्टास्टुडिओ' नावाचं यंत्र आणलं. त्यातली युक्ती अशी, की 'बी' बाजूच मोडीत काढायची आणि चारही पट्ट्या एकाच दिशेनं वापरायच्या. पहिलीवर ताल भरा. फीत मागं घ्या. पहिली कानात ऐकत दुसरीवर गिटार भरा. पुन्हा मागं. तिसरीवर बासरी, चौथीवर गळा. चार जणांचा ताफा झाला आणि खोलीत माणूस एकच. आवाज स्वच्छ यावा म्हणून ते यंत्र फीत दुप्पट वेगानं पळवायचं. हिशेब करा : साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये काम व्हायचं पंधरा मिनिटांचं. आणि असली कॅसेट चुकून घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये उलटी घातली, तर तिसऱ्या-चौथ्या पट्टीवरचं गाणं अर्ध्या वेगानं उलटं वाजतं, भूतबाधा झाल्यासारखं.

शिवोलीतलं यंत्र याच जातीचं, चार ट्रॅकचं होतं. आता चारच पट्ट्या आणि वाद्यं मात्र सात-आठ, अशी वेळ आली की या यंत्रावर एक डाव खेळतात. तीन पट्ट्या भरल्या की त्या तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवायच्या. पहिल्या तीन रिकाम्या होतात, त्यांवर पुन्हा भरायचं. यात दोन अडचणी. एक म्हणजे, उतरवलेलं पुन्हा सुटं करता येत नाही. ढोलकी मोठी राहिली की राहिली, आमटीत पडलेल्या मिठासारखी. दुसरी, प्रत्येक उतरवणुकीत फितीची स्वतःची 'सूंऽऽ' अशी सळसळ वाढत जाते. म्हणून पहिली पट्टी भरतानाच शेवटचं गाणं डोक्यात तयार असावं लागतं. वास्तुकला शिकलेल्या माणसाला हे जमलं यात मला नवल वाटत नाही. पाया भरतानाच वरच्या मजल्याचा विचार करणं हे त्यांचं शिक्षणच.

खरं सांगायचं तर 'गोअन क्रेझी' मला सगळीच्या सगळी आवडत नाही. काही ठिकाणी एकाच माणसाचे सगळे हात असल्याचं जाणवतं, कुणी कुणाशी भांडत नाही. म्युटांटिसमध्ये तिघांची ओढाताण ऐकू येते, ती इथं नाही. पण प्रयोग म्हटलं की लोकांना चित्रविचित्र आवाज आठवतात. मला त्या चार पट्ट्या आठवतात.

हे सगळं फोनवर ऐकून नांदेडचे गृहस्थ म्हणाले, "पण गोवा म्हणजे तरी आपल्याकडं कुठं?"

बरोबर होतं त्यांचं. मग मला बेंजो सुचला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, गणपतीत, वरातीत ट्रॉलीवर वाजतो तो. नाव अमेरिकन, पण त्या बॅन्जोशी याचा काही संबंध नाही. मूळ जपानी : 1912 साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टंकयंत्रासारखी बटणं लावून 'ताइशोगोतो' केलं. ते आपल्या देशात आलं, बुलबुल तरंग झालं. मग आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, वायर अँपला जोडली आणि आवाज फाटेपर्यंत वाढवला. क्लाउदिओ सेझार घरी बसून जे करत होता, त्याहून हे वेगळं काय आहे? 2016 साली रवी जाधव यांनी 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला, नायक आपल्या बाभळगावचे रितेश देशमुख. त्यातही बेंजोची किंमत कळायला न्यूयॉर्कहून बाई यावी लागते, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

मागच्या रविवारी लातुरात एका बेंजोवाल्याच्या घरी गेलो. दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात कर्णे रचलेले. त्याला नवीन चाल पार्टीतल्या पोरांना पाठवायची होती. पलंगावर दोन मोबाईल. पहिल्यावर त्यानं नुसती हलगी रेकॉर्ड केली. मग तो मोबाईल मोठ्यानं वाजवत ठेवला, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग चालू केलं आणि हलगीच्या वर बेंजो वाजवला. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची नखी. ते झालं की मोबाईलची अदलाबदल. आता हलगी-बेंजो दुसऱ्यावरून वाजतंय आणि पहिल्यावर तोंडानं काढलेल्या ताशासकट पुन्हा भरलं जातंय. पट्ट्या उतरवण्याचा तोच डाव. त्याला मी पोर्टास्टुडिओचं सांगितलं तर म्हणाला, "असंल. आम्हाला कुणी शिकवलं नाही, सर. पार्टी एका जागी जमत नाही, म्हणून करतो."

तिसऱ्या खेपेला आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. मी म्हणालो, पुन्हा घ्या. त्यानं कानाला लावून ऐकलं, थोडं मागं नेऊन परत ऐकलं.

"राहू द्या. समेवर आलीय," म्हणाला, आणि पाठवून दिलं.