गिलाव्यातली भांग

वेरूळच्या लेण्यांत अजूनही काही भिंतींना मातीचा जुना गिलावा चिकटून आहे. जवळ जाऊन पाहिलं तर मातीत मिसळलेल्या काड्या आणि तंतू साध्या डोळ्यांनाही दिसतात. ते कोणत्या झाडाचे, हे मात्र डोळ्यांना सांगता येत नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणातले माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्याचं उत्तर दिलं: भांग. ताडून पाहण्यासाठी त्यांनी ताजी भांग आणली ती शेजारच्या जालन्याहून आणि दिल्लीच्या परिसरातून.

त्यांच्या कामात प्रकाशाचा आणि इलेक्ट्रॉनांचा असे दोन्ही प्रकारचे सूक्ष्मदर्शक होते. या दोन्हींची तुलना करायची तर मला याहून चांगलं उदाहरण सुचत नाही.

प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे. एर्न्स्ट आबे यांनी ती १८७३ मध्येच मांडली होती. दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. दोन ठिपक्यांमधलं अंतर साधारण २०० नॅनोमीटरच्या खाली गेलं की भिंग कितीही उत्तम असो, ते ठिपके एकमेकांत मिसळतात. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दिसतात, दह्यातले जिवाणू दिसतात. विषाणू बहुधा निसटतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये करोनाच्या कणाचं छायाचित्र प्रसिद्ध केलं, तो कण सुमारे ७५ नॅनोमीटरचा होता. तिथे इलेक्ट्रॉनच हवेत. एक लाख व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची लहर नॅनोमीटरच्या सुमारे दोनशे सत्तराव्या भागाएवढी भरते. काचेतून तो जात नाही म्हणून त्याला वळवायला विद्युतचुंबकांची भिंगं लागतात. एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये बर्लिनला ही युक्ती साधली. रुस्कांना नोबेल मिळालं ते थेट १९८६ मध्ये.

पुण्यातल्या छायाचित्रात इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार गेले होते. गिलाव्यासाठी वापरला तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा दुसरा प्रकार. त्यात इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत नमुन्याच्या पृष्ठभागावर ओळीओळीने फिरतो, तिथून उडालेले इलेक्ट्रॉन टिपले जातात आणि त्यातून चित्र उभं राहतं.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. भांगेच्या पानावरचे वाघनखासारखे वाकडे लोम विषाणूएवढे इवले नसतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते सहज दिसतात. गांजा ओळखण्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळा तेच शोधतात. मग वेरूळच्या तुकड्यासाठी इलेक्ट्रॉन कशाला? माझ्या मते खरा फायदा खोलीचा आहे. गिलाव्याचा तुकडा खडबडीत असतो. प्रकाशाच्या भिंगाने खूप मोठं करून पाहू लागलं की एकच पातळ थर स्पष्ट दिसतो, वरखालचं सगळं धूसर होतं. इलेक्ट्रॉनांच्या चित्रात उंचवटे आणि खळगे एकाच वेळी ठसठशीत उमटतात. म्हणून तंतूवरची घडण जालन्याच्या ताज्या तंतूशी ताडता येते.

त्याची किंमतही मोजावी लागते. यंत्राच्या आत हवा नसते, त्यामुळे नमुना कोरडा लागतो. झाडाच्या तुकड्यावर विद्युतभार साचू नये म्हणून सहसा सोन्याचा पातळ मुलामा चढवावा लागतो. चित्र काळंपांढरं येतं. पेशी विभागताना, तिच्यातला हिरवा कण सरकताना पाहायचा असेल तर प्रकाशाच्या भिंगाकडेच परतावं लागतं.

या अभ्यासावरून भांगेमुळे वेरूळचा गिलावा किड्यांपासून वाचला, असं मांडलं गेलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथली निदान चौथाई चित्रं किड्यांनी खराब केली आहेत, हा त्यामागचा युक्तिवाद. मला तो पटण्याजोगा वाटतो. पण सूक्ष्मदर्शकाने सिद्ध केलं ते झाडाचं नाव. किडा तिथून का परतला, हे त्या चित्रात नाही.

भांगेच्या त्या लोमांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा असतो. पानावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुडे उसळताना दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात नळीत ही परीक्षा घेता येत नाही. आणि गिलाव्यात चुना मिसळलेला असेल तर तिचा उपयोग नाही, कारण त्या थेंबाखाली चुनाही तसाच फसफसतो.