काळ्या कपड्यांतली श्रीमंती

आजचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा मजकूर.

श्रीमंती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भरजरी काठ, लालभडक रेशीम येतं. पण सतराव्या शतकातल्या डच श्रीमंतांची पोर्ट्रेट्स बघा, बहुतेक जण काळ्या कपड्यांत! साधी राहणी? वरवर तसंच वाटतं. तिथल्या प्रोटेस्टंट समाजात भपका बरा दिसत नसे. पण खरी मेख त्या काळ्या रंगातच आहे.

मायफळ आणि लोखंडाचा क्षार वापरला की काळा रंग स्वस्तात मिळायचा, पण त्यानं कापड हळूहळू खराब व्हायचं. गडद, टिकाऊ काळा हवा असेल तर कापड आधी निळ्या रंगात, मग इतर रंगांत पुन्हा पुन्हा बुडवावं लागे. म्हणजे मेहनत जास्त आणि खर्चही. बघणाऱ्याला हा फरक लगेच कळायचा.

आता मोबाईलवर रेम्ब्रांटची एक जोडी शोधा: मार्टेन सोलमन्स आणि त्याची बायको ओप्येन कॉपिट. साल 1634. दोघंही काळ्यात, पण मार्टेनच्या बुटांवरची ती भलीमोठी फुलं बघा! आणि गळ्याशी लेस. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे रेम्ब्रांटची लेस काढायची पद्धत. एकेक पांढरा धागा रंगवत बसण्याऐवजी तो आधी पांढरा रंग लावायचा आणि त्यावर काळ्या ठिपक्यांनी भोकं काढायचा. जवळून नुसते ठिपके, लांबून अस्सल लेस.

पण या लेसचे पैसे आले कुठून? मार्टेनच्या वडिलांचा आम्सटरडॅममध्ये साखर शुद्ध करायचा कारखाना होता. तिथे येणारी कच्ची साखर ब्राझीलच्या मळ्यांतली, गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांच्या कष्टातून आलेली. 2016 मध्ये नेदरलँड्स आणि फ्रान्सनं मिळून ही जोडी 16 कोटी युरोंना घेतली. आणि 2021 मध्ये आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमनं गुलामगिरीवर प्रदर्शन भरवलं, त्यात ओप्येनचीही गोष्ट सांगितली.

म्हणून मला वाटतं, अशी चित्रं दोनदा बघावीत. एकदा झूम करून, चित्रकाराच्या हातासाठी. आणि एकदा, जी माणसं चित्रात नाहीत त्यांच्यासाठी.

भेटूया पुढच्या भागात!